झाप्रियानकाकांनी बदललेलं पाणी

झाप्रियानकाकांच्या तोंडी लागू नये, हे आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल. ट्रॅक्टर केंद्रात दुरुस्तीच्या कामात पंचवीस वर्षं काढलेली, उजव्या हाताला तीनच बोटं आणि जिभेला हाड नाही. कुठल्याही गाडीचं झाकण उघडलं की पाना हातात घेण्याआधी ते आधीच्या मेकॅनिकचा उद्धार करायचे, मग गाडीच्या मालकाचा. लोक मुकाट ऐकून घ्यायचे, कारण शिव्या संपेपर्यंत दोष सापडलेला असायचा. मी शिकवायचे त्या शाळेच्या मागेच त्यांचं घर होतं, आणि ते मला ‘मास्तरीणबाई’ म्हणायचे ते काही आदरानं नव्हे. ते जाऊन आता चार वर्षं झाली. पण आमच्या घरावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं, तर मी आजही त्यांचंच नाव घेईन.

सत्त्याण्णव सालचा मे महिना. व्रात्सा शहराच्या वर डोंगरात आमचं गाव आहे, आईवडील तिथेच राहायचे, आणि तिथे वडिलांची निळी गाडी शेवटच्या घटका मोजत होती. सदुसष्ट सालची, मॉस्कोहून आलेली. माझा भाऊ ल्युबेन आणि वडील, दोघांनी तीन हिवाळे खपून एका गंजक्या सांगाड्यातून ती उभी केली होती. शहाऐंशी साली, ल्युबेन बावीस वर्षांचा असताना, खाणीत दरड कोसळली आणि तो गेला. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं रस्त्याकडेला पाण्याची सोय करतात. वडिलांनी घरासमोरच्या झऱ्याला दगडी बांधकाम करून तोटी बसवली, वर मुलाचं नाव कोरलं, आणि गाडी चालवत राहिले.

आता ती गाडी पहिल्याच चढाला उकळायची. व्रात्सातल्या एका गॅरेजनं थर्मोस्टॅट बदलला, दुसऱ्यानं पाण्याचा पंप बदलला, आणि शेवटी इंजिनच संपलंय म्हणून दोघांनी हात झटकले. वडिलांनी भंगारवाल्याला सोमवारी बोलावून ठेवलं. आई फोनवर म्हणाली, गाडी गेली तर हा माणूसही माझ्या हाती राहायचा नाही. म्हणून शनिवारी सकाळी मी जीव मुठीत धरून झाप्रियानकाकांना बसमध्ये घातलं. वाटेत त्यांनी ड्रायव्हरला गियर बदलायला शिकवलं, त्यानं न विचारता.

पोचल्यावर त्यांनी चहाकॉफीला नकार दिला आणि थेट गाडीकडे गेले. रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केलं आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते बघत राहिले. आले नाहीत. तेलाची काडी काढून तेल बोटांवर चोळलं, त्यात पाणी नव्हतं. म्हणजे इंजिनातलं पाणी आणि तेल वेगळं ठेवणारं हेडचं गॅस्केट शाबूत होतं. पट्टा ताठ, पंखा फिरतोय. मग झाकण लावून इंजिन तापू दिलं आणि रेडिएटरच्या जाळीवर तळहात ठेवत ठेवत खाली आले. आत तापमानाचा काटा लाल खुणेकडे निघाला होता, आणि जाळीचा अर्धा भाग थंडगार.

“इथून पाणी जातच नाही,” म्हणत त्यांनी इंजिन बंद करायला लावलं.

इंजिन निवेपर्यंत त्यांनी आईच्या हातच्या, चीज भरलेल्या बानित्साचे तीन तुकडे खाल्ले. वडील ताजं पाणी आणायला दोन कॅन घेऊन तोटीवर गेले. इकडे काकांनी इंजिनाच्या कुशीतला पाणी सोडायचा बोल्ट काढला. थेंबही पडला नाही. त्यांनी तार आत खुपसून ढवळली तेव्हा पांढऱ्या खपल्या पडायला लागल्या, अंड्याच्या टरफलासारख्या. आईकडून व्हिनेगर मागून त्यांनी एका खपलीवर थेंब सोडला. खपली फसफसली.

“चुना,” काका म्हणाले, आणि मग त्यांचं तोंड सुटलं. “कुठल्या गाढवानं हे पाणी पाजलं इंजिनाला? आणि एकदा नाही, रोज नवं पाजलंय. एकदाच भरून ठेवलं असतं तर इतका थर बसलाच नसता. कोण आहे तो अक्कलशून्य, दाखवा मला.”

मी हळू बोला म्हणेपर्यंत उशीर झाला होता. वडील कॅन घेऊन फाटकात उभे होते.

“मी,” ते म्हणाले. “हिवाळ्यात पाणी गोठतं म्हणून रोज संध्याकाळी सोडून द्यायचो आणि सकाळी नवं भरायचो. इथलंच. अकरा वर्षं दुसरं पाणी घातलं नाही.” त्यांनी कॅन खाली ठेवले. “वाटायचं, पोरगंही थोडं फिरेल गाडीबरोबर.”

आई दारातच थांबली. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी तोटीकडे बोट दाखवलं. त्या क्षणी मला काकांचा इतका राग आला होता की त्यांना तसंच परतीच्या बसमध्ये बसवावं असं वाटलं.

काकांनी चिंध्यांना हात पुसले आणि रस्त्यापलीकडे गेले. दगडावरचं नाव वाचलं. टोपी काढली. मग वाकून ओंजळीनं पाणी प्यायले, चांगलं पोटभर, आणि टोपी हातातच धरून परत आले.

“मेतोदीभाऊ,” ते वडिलांना म्हणाले, “पाण्यात खोट नाही. दगडातून येतं, दगड घेऊन येतं. माणसाच्या हाडांना ते लागतं. लोखंडाला हाडं नसतात. त्याला पावसाचं पाणी घाल, आणि हे माणसांना पाज. कॅन शेजारच्या सीटवर ठेवत जा. घाटात कुणी ना कुणी तहानलेलं असतंच.”

“इंजिन मी मारलं,” वडील म्हणाले.

“मेलेलं नाही, तुंबलंय. घरात व्हिनेगर किती आहे?”

व्हिनेगर तळघरात पिंपभर होतं, आमच्याच द्राक्षांचं. काका आमच्याकडे मुक्कामाला राहिले आणि त्यांनी वडिलांना क्षणभर बसू दिलं नाही. रेडिएटर उतरवून आडवा ठेवला, त्यात कोमट व्हिनेगर भरलं, तासातासानं ओतून पुन्हा भरलं. इंजिनात वरून व्हिनेगर आणि खालून तार, आणि तार वडिलांच्या हातात. बाहेर येणारं पाणी आधी दुधासारखं होतं, मग ताकासारखं, आणि रविवारी दुपारी एकदाचं स्वच्छ आलं. वडील म्हणाले, झालं. काका म्हणाले, अजून दोनदा. कोपरापर्यंत पांढरे झालेले वडील तार फिरवत राहिले, आणि बऱ्याच वर्षांनी मी त्यांना कामावरून कुणाशी तरी हुज्जत घालताना ऐकलं. मला रडू आलं, म्हणून मी आईला भांडी घासू लागायला गेले.

शेवटी परसातल्या पिंपातलं पावसाचं पाणी भरलं. वडिलांनी गाडी घाटात घातली, काका शेजारी बसले. काटा मधोमध चढला आणि माथ्यापर्यंत तिथेच राहिला. काका काट्याबद्दल काही बोलले नाहीत, फक्त रस्ता बांधणाऱ्यांना शिव्या देत होते. सोमवारी भंगारवाला आला, त्याला आईनं कॉफी पाजून परत पाठवलं. तो निघण्याआधी काकांनी त्याच्या ट्रकचं झाकण उघडायला लावलं आणि त्याचाही उद्धार केला.

जूनमध्ये आई, वडील आणि मी घाटातून व्रात्साला निघालो होतो. एका वळणावर एक मालट्रक थांबलेला दिसला. ड्रायव्हर तरुण होता, चाक बदलून घामाघूम झालेला, सावलीत दगडावर बसलेला. वडिलांनी न सांगता गाडी कडेला घेतली. शेजारच्या सीटवरचा कॅन उचलून ते खाली उतरले आणि त्याच्यासाठी पेला भरला. काच उघडी होती, आम्हा दोघींना सगळं ऐकू येत होतं.

“पी बाळ,” वडील म्हणाले. “ल्युबेनचं पाणी आहे. माझ्या मुलाचं.”

त्या पोरानं टोपी काढली, देव त्याला शांती देवो म्हणाला, आणि पेला रिकामा करून पुन्हा पुढे केला. मागच्या सीटवर आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. अकरा वर्षांत आम्ही वडिलांच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं.