स्टोव्हवरचा प्लग

हिवाळ्यात बाबांची जुनी मोटारसायकल गारठून जायची. आई रोज सकाळी चहाआधी तिचा प्लग स्टोव्हवर तापवून सांडशीनं बाबांच्या पुढ्यात धरायची, आणि गाडी एका किकमध्ये सुरू व्हायची. मी आयटीआयमध्ये मेकॅनिकचं काम शिकलेला. "इंजिन आहे का भाकर?" म्हणून मी आईवर खेकसायचो.

बाबा गेले त्याच थंडीत लकडगंजचा एक माणूस गाडी विकत घ्यायला येणार होता. मी पॉइंट घासले, प्लग पुसून ठिणगी पाहिली. ठिणगी चांगली पडत होती, पण किक मारून मारून पाय भरून आला तरी गाडी ढिम्म. प्लग पेट्रोलनं ओला झाला होता. मी पाना आपटला.

आई आतून म्हणाली, "गरम नाही केला काहून? आण, दे मले."

तिनं तापवून दिलेला प्लग मी बसवला. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. आवाज ऐकताच आई लगबगीनं दारात आली आणि माझ्या पाठीमागून, बाबांना रोज म्हणायची तसंच म्हणाली, "डबा राहिला ना जी!"

मी मान वळवली नाही. गिऱ्हाईक येईपर्यंत गाडी तशीच सुरू ठेवली.