सुलतानपूरहून आणलेली रोटरी

आधीच सांगून टाकतो, मी हे असलं काही मानणारा माणूस नाही. चिखलीच्या एका डाळ मिलमध्ये मेंटेनन्स बघतो. बेअरिंग तापलं तर त्याला कारण असतं, ते सापडेपर्यंत मशीन बंद ठेवायचं... चौदा वर्षं हेच केलंय. आमच्या अमडापुरात कुणी भुताखेताच्या गोष्टी काढल्या की मी चप्पल घालून निघतो. त्यामुळे हे लिहू की नको, यातच दीड-दोन वर्षं गेली. बायको म्हणाली, "लिहून टाका, तुमच्या छातीवरचं ओझं तरी उतरन." म्हणून लिहितोय.

मला डिप्लोमापासून एक वेड होतं — रोटरी इंजिन. आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतात. यात पिस्टनच नसतो. अंड्यासारख्या पोकळीत एक तिकोनी रोटर गरगर फिरतो, आणि त्याच्या तीन टोकांना पट्टीसारखे सील असतात. सील झिजले की इंजिन मेलं. आपल्याकडे अशी गाडी बघायला मिळणंच कठीण, मग विकत कुठली मिळायला! म्हणून आमच्या मिलमधला ट्रकवाला जेव्हा म्हणाला, "भाऊ, सुलतानपूरले एका गोठ्यात लाल दोन दाराची जपानी गाडी उभी हाये," तेव्हा मला वाटलं, हा माझी फिरकी घेतोय.

पण गाडी खरंच होती. दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. सुलतानपूर म्हणजे आमच्याकडून मेहकर ओलांडून लोणारच्या वाटेवर. मालक भास्करकाका, मेथी-वांगी पिकवणारा शेतकरी. गोठ्यात दोन म्हशी, आणि त्यांच्या शेजारी ताडपत्रीखाली ही. टायर बसलेले, रंग उडालेला, इंजिन बंद. मी गुडघ्यावर बसून बॉनेटखाली डोकावलो आणि अक्षरशः अंगावर काटा आला. आनंदाचा.

गाडी त्यांच्या मुलाची, गजूची. तो पुण्यात जुन्या परदेशी गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये कामाला होता. तिथे ही बंद पडलेली मिळाली, त्याने हौसेने घेतली, ट्रकवर घालून गावी आणली. पहिल्या लॉकडाऊनमध्ये चार-पाच महिने घरीच होता, रोज तिच्यात डोकं घालून बसायचा. मग काम सुरू झालं म्हणून पुण्याला परत गेला, आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिकडेच गेला. एकोणतीस वर्षांचा. बॉडी गावी आणू दिली नाही.

"माह्या बायकोले तोंडही नाई पाहू देल्लं त्याचं," काका म्हणाले. "आता ते रोज या गाडीजवळ येऊन बसते. शेतात येत नाई, धड जेवत नाई. म्हणून काढून टाकतो म्हटलं. डोयाआड झाली तर सुधरन."

कागद व्यवस्थित होते, भावावरून घासाघीस झालीच नाही. ट्रेलर आणला तेव्हा मावशी — काकांची बायको, सुमनमावशी — घरातून बाहेर आल्या नाहीत. गाडी वर चढली, दोर बांधले, आणि मग आल्या. लहानखुऱ्या बाई, डोक्यावर पदर. सरळ येऊन बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर उजव्या हाताचा तळवा ठेवला. बराच वेळ. ट्रेलरवाला माझ्याकडे बघायला लागला. मग हात काढला आणि मला म्हणाल्या, "सांभाळजो बाबा."

घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये गाडी लावली. पहिल्याच आठवड्यात इंजिन बाहेर काढून टेबलावर खोललं. अपेक्षेप्रमाणे सील गेलेले. ओळखीच्या एकाकडून बाहेरच्या देशातून मागवले. म्हणजे गाडीत आता इंजिन नव्हतं, बॅटरी नव्हती, सीटही काढून ठेवलेल्या. नुसतं रंगवलेलं पत्र्याचं खोकं... हे लक्षात ठेवा.

जानेवारीत एके दिवशी वैशाली — माझी बायको — मला मिलवर फोन करून म्हणाली, "अहो, तुमच्या गाडीचं झाकण गरम काऊन हाये?"

"ऊन पडलं असन."

"शेडमंदी कुठचं ऊन? एवढीशीच जागा गरम हाये. हातायेवढी."

मी हसण्यावारी नेलं. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, तिसऱ्याही. रविवारी मी स्वतः बघायचं ठरवलं. अकरा वाजता शेडमध्ये गेलो. बाहेर गार वारं होतं, पत्रा बर्फासारखा. हात फिरवत डाव्या कोपऱ्यापाशी आलो आणि थबकलो. तिथे ऊब होती. चटका नाही. कुणीतरी आत्ताच उठून गेलेल्या खुर्चीला असते ना, तशी.

आता माझ्यातला मेंटेनन्सवाला जागा झाला. मिलमधून टेम्परेचर गन आणली. चकचकीत पत्र्यावर ती चुकीचं दाखवते म्हणून कागदी चिकटपट्टी लावून त्यावर मोजलं. बाकी बॉनेट एकोणीस डिग्री. तो ठिपका चौतीस. गन एक-दोन बोटं सरकवली की लगेच वीस. हे तर शक्यच नाही — त्या गाडीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं, एका जागी दिलेली उष्णता पसरलीच पाहिजे. शेडला भोक आहे का बघितलं. खालून बघितलं, वायर एक नाही. ताडपत्री टाकली, गाडी तोंड फिरवून उलटी लावली. रोज साधारण अकराला सुरू, पाऊण तास, मग गार. ठिपका गाडीबरोबर फिरला, त्याच कोपऱ्यावर राहिला.

एकदा सहज गन स्वतःच्या तळव्यावर धरली. चौतीस.

मी गन खाली ठेवली आणि घरात जाऊन बसलो.

वैशाली म्हणाली, "त्या मावशीचा हात तिथंच होता ना? तुमीच सांगितलं होतं मले. जाऊन या एकदा." मी टाळत राहिलो. खरं कारण आज सांगतो — मला भीती वाटत होती की मी हे बोललो तर ते लोक गाडी परत मागतील. इतक्या वर्षांची हौस होती माझी. असे तीन-चार आठवडे मी नुसते घालवले.

फेब्रुवारीत शेवटी गेलो, माझ्या नेहमीच्या छोट्या गाडीने. पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. काका शेतात. घराचं दार उघडं, आत कुणी नाही. गोठ्याकडे गेलो.

गाडी जिथे उभी असायची ती जागा तशीच रिकामी ठेवलेली. जमिनीवर तेलाचा डाग, टायरच्या चार खुणा. त्या खुणांच्या शेजारी पोत्यावर मावशी बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. उजवा हात पुढे केलेला, जमिनीपासून हातभर वर. हवेत. तळवा पालथा, कशावर तरी टेकवल्यासारखा. थरथरत नव्हता.

मी मागे सरकलो आणि वैशालीला फोन लावला. हळू आवाजात म्हणालो, "शेडमध्ये जा. हात ठेव तिथे."

"ठेवला. हाये गरम."

"काढू नको."

इकडे एका म्हशीने मान हलवली, घंटी वाजली, मावशींनी वळून बघितलं. मी दिसलो. त्यांनी हात खाली घेतला, पदर सारखा केला.

फोनवर वैशाली म्हणाली, "अहो... गेलं. आत्ता होतं, आत्ता गेलं."

मी फोन कसा बंद केला आठवत नाही. मावशींनी पाणी आणून दिलं. मी पिऊन घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं रडतील, घाबरतील. त्या शांत ऐकत होत्या.

"लॉकडाऊनमंदी गजू गाडीखाली निजून काम करे," त्या म्हणाल्या. "हाक मारली तर आयकू नाई ये त्याले. मंग अकरा वाजता चहा आणला का मी तिथं हात ठेवो. थोडीशी दाबो. गाडी हालली का त्याले समजे, आई आली." माझ्या हातातला पेला परत घेतला. "म्हंजे लागते का हात माहा तिथं?"

"लागते मावशी."

"बरं झालं."

मग एकदम म्हणाल्या, "मले घेऊन चाल ना. आत्ताच. एकडाव खराखुरा हात लावतो आन् येतो संध्याकायच्या यष्टीनं."

आता पुढचं लिहायला हात जड होतोय. मी नाही म्हणालो. गाडीच्या सीट निघालेल्या, इंजिन टेबलावर सुटं पडलेलं, अंगभर धूळ... मला ती तशी दाखवायची नव्हती. सुरू करून, पुसूनबिसून दाखवायची होती. म्हणालो, "मावशी, पंधरा दिवस थांबा. सामान आलं की इंजिन बसवतो आन् तुमालेच घेऊन पहिली चक्कर मारतो. आता ते गाडीसारखी दिसतच नाई."

"मले दिसण्याचं काय करायचं हाये बाबा? माहं लेकरू तं मले कसंच नाई दिसलं."

तरीही मी पंधरा दिवसच म्हणत राहिलो. कशासाठी? माझ्या कौतुकासाठी. दुसरं काही नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "तू म्हणशीन तसं."

सील कस्टममध्ये अडकले. पंधराचे पंचवीस दिवस झाले. रोज अकराला वैशाली शेडमध्ये जाऊन हात ठेवून यायची. मी सांगितलं नव्हतं तिला. म्हणायची, "तिकडून कोणी हात देऊन राह्यलं तं इकडून बी पाह्यजे ना कोणी."

मार्चमध्ये एका गुरुवारी तिचा मिलवर फोन आला. "आज गार हाये."

"थांब थोडं. उशीर झाला असन त्यांना."

ती साडेबारापर्यंत थांबली. पाऊणला काकांचा फोन आला. सकाळी नऊच्या सुमारास अंगण झाडता झाडता मावशी खाली बसल्या त्या बसल्याच. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

मी मातीला गेलो. कुणाला काही बोललो नाही. तिथून पुढे ती जागा पुन्हा कधीच गरम झाली नाही. वैशालीने महिनाभर बघितलं, मग तिने शेडमध्ये जाणं सोडलं.

सील एप्रिलमध्ये आले. इंजिन जूनच्या सुरुवातीला सुरू झालं, चौथ्या प्रयत्नात, शेडभर निळा धूर करून. इतकी वर्षं वाट पाहिलेला तो आवाज — शिलाई मशीनसारखा एकसुरी, गुळगुळीत. मी आनंदाने ओरडेन असं वाटलं होतं. स्टूलवर बसून राहिलो.

गाडी घेऊन सुलतानपूरला गेलो. किल्ली काकांच्या हातात दिली, म्हणालो, ठेवून घ्या, तुमचीच आहे. त्यांनी ती परत माझ्या खिशात घातली. "मले काय चालवता येते? फिरवून आण फक्त."

ते शेजारी बसले, गुडघे पोटाशी घेतल्यासारखे, गाडी इतकी बुटकी. लोणारच्या बाजूला गेलो, परत आलो. गावाच्या फाट्यावर काका म्हणाले, "इथं थांब."

एसटीचा थांबा होता. दोन-चार माणसं उभी. काका काचेतून तिकडे बघत राहिले.

"पुण्याले जायाचा तव्हा इथूनच बसला तो. सुमन म्हणे, नको धाडू, अजून बिमारी गेली नाई. म्याच म्हटलं, जाय बे, काम सुटन." मग डॅशबोर्डवरून हात फिरवत, "गाडी बी म्याच विकली."

मी म्हणालो, "काका, त्या दिवशी त्या येतो म्हणाल्या होत्या. म्या नाही आणलं त्यांले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नुसती मान हलवली. लोणारकडून बस आली, माणसं चढली, बस गेली. मग म्हणाले, "चाल. मेथी काढायची राह्यली."

शेतापाशी उतरून मीही त्यांच्यासोबत संध्याकाळपर्यंत मेथी काढली. अजूनही महिन्यातून एकदा जातो.

मिलमधल्या इंजिनियर साहेबांना मी आकडे दाखवलेत. ते म्हणाले, गन खराब असेल. मिलच्या बेअरिंगवर तीच गन आजही बरोबर दाखवते. एका प्राध्यापकांना विचारलं, ते म्हणाले, पत्र्यावरून परावर्तन. शेडमध्ये येऊन दाखवा म्हटलं तर आले नाहीत. अमडापूर ते सुलतानपूर एवढ्या अंतरावरून एका जित्या बाईच्या हाताची ऊब कशी येते, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मिळेल असंही वाटत नाही, आणि खरं सांगू, मी आता ते शोधतही नाही. मला छळतं ते वेगळंच आहे. फेब्रुवारीतल्या त्या दिवशी सुलतानपूरहून परत निघालो तेव्हा माझ्या छोट्या गाडीत चार सीट रिकाम्या होत्या.