तिकिटाचं गाणं

आई गेल्यावर, तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी भजनी मंडळ आमच्या केडगावच्या घरी आलं. दोन-तीन अभंग झाल्यावर आत्या म्हणाली, "बुवा, आता वहिनीचा अभंग म्हना."

वहिनीचा अभंग म्हणजे आई गुणगुणायची ती चाल. ओठ मिटलेले, नुसता सूर. दादा, म्हणजे माझे वडील, जेवायला बसले की ती हमखास सुरू व्हायची. देवाचं काहीतरी कानावर पडतंय म्हणून दादाही मान डोलवत मुकाट जेवायचे. मी ती चाल बुवांना गुणगुणून दाखवली. त्यांनी पेटीवर बोटं फिरवून पाहिली आणि मान हलवली. "शब्द आना, मग म्हनू."

"वर्षश्राद्धापर्यंत आणते," मी म्हणाले.

मी काष्टीच्या शाळेत शिकवत होते आणि तिथेच खोली घेऊन राहत होते. वाचनालयातल्या गाथा एकेक करून खोलीवर नेल्या. पण पुस्तकात शब्द असतात. माझ्याकडे फक्त चाल होती. देवळात कीर्तन झालं की पुढे होऊन कीर्तनकारांना ती गुणगुणून दाखवायची. ओळखीच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. मी विचारत राहिले. आईचं तेवढंच मागे उरलं होतं, आणि तेही अर्धं, असं मला वाटे.

वर्षश्राद्ध जवळ आलं. दुष्काळाचं साल होतं, बाजार लवकर उठायचा. अशाच एका बाजारच्या संध्याकाळी केडगावला घरी जायला नगरच्या एस.टी.त चढत होते. एक पाय पायरीवर होता आणि बाजारतळापलीकडून कर्ण्यावर तीच चाल ऐकू आली. तिथे तंबूतला सिनेमा उतरला होता.

"ओ बाई, चढताय का उतरताय?" कंडक्टर ओरडला. "तुमच्या एका पायासाठी गाडी थांबायची न्हाई."

मी उतरले. तंबूपाशी पोचेपर्यंत गाणं संपलं होतं. दाराशी शेंगा विकणाऱ्या बाईला विचारलं, "मावशी, आत्ता कोणतं गाणं वाजलं?"

"ते व्हय? तिकिटाचं गानं."

"पण गाणं कशाचं आहे?"

"सांगतीय न्हवं, तिकिटाचं! ते लागलं की खिडकी उघडती."

"आणि शब्द?"

"शब्द कोन ऐकतंय, बाई? समदी पळत्यात."

आणखी तिघा-चौघांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर तेच. शेवटी तंबूच्या मालकाला गाठलं. त्यानं तबकडी दाखवली. मधली चिठ्ठी घासून पांढरी झाली होती. "जुनी हाय. नाव मलाबी ठावं न्हाई."

"मग एकदा लावा ना."

"आत्ता? लोकास्नी वाटंल दुसरा खेळ हाय. खिडकी मोडतील माझी. उद्या तिकिटाच्या वक्ताला या."

केडगावला जाणं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी वेळेआधीच कर्ण्याखाली जाऊन उभी राहिले. वर्गातल्या एका मुलीची आई कोपरानं दुसरीला ढोसत म्हणाली, "बाईंनी पयला नंबर लावला बग!" तबकडी लागली. माणसं खिडकीकडे पळाली आणि मी जागची हलले नाही.

देवाचं नाव कुठंच नव्हतं. घरातलं पीठ संपलंय आणि नवरा मिशीला तूप चोळत बसलाय, अशी त्याची बायको तक्रार करत होती. दर कडव्याला मिशी वाढत होती. शेवटी बायको कात्री घेऊन उठली.

दादांच्या मिशा सगळ्या केडगावला माहीत होत्या. आई ओठ का मिटून घ्यायची, ते मला त्या गर्दीत कळलं. मी हसले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले.

घरी गेल्यावर दादांना सगळं सांगितलं. मग त्यांचा हात मिशीवर गेला.

"म्हंजी, मी जेवताना?"

"रोज."

"आन मी मान डोलवायचो." त्यांच्या छातीतून खोकल्यासारखं हसू आलं. वर्षभरात पहिल्यांदाच. "लई डांबिस बाई. बुवाला सांग, शब्द ऱ्हाऊ दे. चाल तेवढी वाजव म्हनावं."

वर्षश्राद्धाला बुवांनी पेटीवर ती चाल वाजवली. आत्यानं डोळे मिटून हात जोडले. संपल्यावर तिनं विचारलं, "कुन्या संताचा गं हा?"

मी दादांकडे पाहिलं. ते मिशीवरून हात फिरवत होते.

"घरातलाच हाय," ते म्हणाले.