तायवोसाठी जागा

ग्रेसबद्दल कुणी विचारलं की मी सांगते, आमच्या ह्यांना आंघोळ घालायला येते. प्लेनोतल्या मराठी मंडळींना एवढं पुरतं. चंद्रशेखरना अर्धांगाचा झटका आला, त्याला आता तीन वर्षं झाली. एजन्सीने आधी पाठवलेल्या दोघींशी माझं आठवडाभरही पटलं नाही. तिसरी ग्रेस. पन्नाशीची, थोराड हाडाची, नायजेरियातल्या अबेओकुटाची. दारात आली ती गुडघ्यांत किंचित वाकली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग, मा." मोठ्या माणसापुढे असं वाकायचं ही त्यांची रीत. माझ्या इथे जन्मलेल्या नातीला मी दहा वर्षं नमस्कार शिकवतेय, तिचा हात अजून गुडघ्याच्या खाली जात नाही. मला ही बाई तिथेच आवडली.

तरी पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं, की देव्हाऱ्याला हात लावायचा नाही. मी फटकळच आहे, सगळ्या टेक्ससला माहीत आहे. ती शांतपणे म्हणाली, "काळजी करू नका, मा. मी तिथे नुसती उभी राहिले, तरी आमच्या पास्टरना चालणार नाही." झालं, आमचं जमलं. सोमवार ते गुरुवार ती येई, ह्यांना उचलून बाथरूममध्ये नेई, त्यांना उत्तर देता येत नसलं तरी त्यांच्याशी गप्पा मारी. देव्हाऱ्यापुढून जाताना मात्र समोरच्या भिंतीकडे बघत जाई.

माझा बाळकृष्ण पितळेचा, रांगता, मुठीत मावेल एवढा. रोज सकाळी त्याला ताम्हनात घेऊन आंघोळ घालते, मऊ पंच्याने टिपते, लोणीसाखर दाखवते. एका डिसेंबरात मागून आवाज आला, "मा, पाणी गरम कशाला करता?"

"कोमट करते. गार पाण्याने त्याला थंडी वाजेल."

मला वाटलं, आता ही हसणार. ती स्टुलावर बसली आणि रडायला लागली.

तिचं खरं नाव केहिंदे. त्यांच्यात जुळ्यांची नावं ठरलेली असतात. आधी जन्मते ती तायवो, मागून येते ती केहिंदे, पण थोरली धरतात केहिंदेला. जग कसं आहे ते बघून ये, म्हणून तिनेच धाकटीला पुढे पाठवलेलं असतं. ग्रेसची तायवो दोन महिन्यांची होऊन गेली. आजीने तिची वीतभर लाकडी मूर्ती कोरून घेतली. त्या मूर्तीला ती रोज आंघोळ घाली, लाल भुकटी चोळी, केहिंदेला भरवायच्या आधी एक घास तिच्या ओठांना लावी. एकीला विसरलं तर दुसरीही निघून जाते, अशी समजूत. ग्रेस आठ वर्षांची असताना तिची आई नव्या चर्चमध्ये जाऊ लागली. तिथले पास्टर घरी आले, म्हणाले, ही सैतानाची वस्तू आहे. अंगणात जाळ केला आणि मूर्ती ग्रेसच्याच हाताने त्यात टाकायला लावली. आजी त्या दिवशी खोलीबाहेर आली नाही.

"आणि तरी तू तसल्याच चर्चमध्ये जातेस?" माझ्या आवाजात कुचेष्टा होती, नाकारत नाही.

"येशू खरा आहे, मा. माझा मुलगा न्यूमोनियाने तापला होता, तेव्हा मी त्यालाच हाक मारली. पण तायवो माझी धाकटी बहीण आहे. तिचं कोणी बघायचं?"

मग मी तिला भाषण दिलं. भाषण द्यायला मला कारण लागत नाही. म्हटलं, बाहेरून आलेला देव खुशाल घ्यावा, पण त्याच्यापायी घरचं जाळू नये. आम्ही बघ, एवढे समुद्र ओलांडून आलो, चाळीस वर्षं इथे काढली, पण देव सोडले नाहीत. ती मान हलवत म्हणाली, "येस, मा." तिने ते मनावर घेतलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

पुढच्या एप्रिलमध्ये तिची आई गेली. ग्रेस तीन आठवडे गावी जाऊन आली. शेवटी शेवटी आईला कुणाचीच ओळख राहिली नव्हती. पोटच्या मुलीलाही ती परकी समजे आणि एकच विचारी, "तायवो जेवली का?" जिने मूर्ती जाळायला लावली तीच हे विचारत होती. आईचे दिवस उरकल्यावर ग्रेस कुणाला न सांगता एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेली. तो आता पाहुण्यांना विकायला हत्ती आणि मुखवटे कोरतो, पण तिच्यासाठी त्याने जुनं काम केलं.

ती मूर्ती तिने माझ्या डायनिंग टेबलवर ठेवली. डोकं मोठं, डोळे टपोरे, पोटावर टेकलेले हात. ग्रेसचा नवरा चर्चमध्ये डीकन, पास्टरांच्या खालोखाल मान असलेला. म्हणजे घरात ही ठेवायची सोय नाही.

"तुमच्या देवांच्या घरात तिला थोडी जागा द्याल, मा? तुम्हाला काही करायला नको. मी येते तेव्हा मीच आंघोळ घालीन. तुम्हाला हे कळतं, म्हणून विचारते."

मी त्या मूर्तीकडे पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मेलेल्या मुलीची बाहुली माझ्या देवांत ठेवायची? आल्यागेल्याला काय सांगू? माझ्या तोंडून निघालं, "नाही गं, ग्रेस. आमच्यात चालत नाही."

ह्या तीन शब्दांपुढे कोणी वाद घालत नाही. मी आयुष्यभर ते वापरत आलेय. ग्रेसनेही घातला नाही. "येस, मा," म्हणाली, मूर्ती पुन्हा कापडात गुंडाळली आणि ह्यांची दाढी करायला गेली. नंतर मला जरा चुटपुट लागली, पण आपण नीट समजावून सांगितलं, असं मी मनाशी म्हटलं.

नवरात्राच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, ग्रेस घरी गेल्यावर मी देव उजळायला काढले. चिंच लावून चांदीचे टाक घासत होते, समोर आयपॅडवर बॉथेलहून माझी नात अनया. तिने विचारलं, "आजी, हू इज द गाय ऑन द हॉर्स?"

"तो वीर. आजोबांच्या आजोबांचा भाऊ. लग्नाआधीच गेला बिचारा, त्याच्यामागे कोणी नाही. म्हणून त्याचा टाक करून देवांत बसवला. त्याचं आपणच बघायचं ना."

"सो ही इज अ डेड पर्सन? इन द देव्हारा?"

चिंचेचा हात तसाच राहिला. सासूबाईंनी माझ्या हाती टाक दिले तेव्हा हेच सांगितलं होतं, मीही सुनेला हेच सांगितलं. चाळीस वर्षं ह्या मेलेल्या मुलाला मी रोज गंधफूल वाहत होते, आणि एका मेलेल्या मुलीला दोन बोटं जागा दिली नाही. तो आमचा आणि चांदीचा, ती त्यांची आणि लाकडाची. दुसरं कुठलंही कारण मला शोधून सापडलं नाही. मला माझी लाज वाटली.

सोमवारी ग्रेस आली तशी तिला पर्सही खाली ठेवू दिली नाही. म्हटलं, "तायवोला घेऊन ये. मी चुकले. माझ्या वीराशेजारी बसव तिला."

ती खुर्चीवर बसली. "ती नाही आता, मा."

मूर्ती तिने गाडीच्या डिकीत, स्टेपनीखाली लपवली होती. उन्हाळाभर ती तिथेच होती. परवा, शनिवारी, नवऱ्याने टायर बदलायला डिकी उघडली. त्याने पास्टरना बोलावलं. घरामागच्या बार्बेक्यूच्या शेगडीत कोळसे पेटवले, सगळ्यांनी प्रार्थना केली. पास्टर म्हणाले, हिच्याच हाताने टाकली पाहिजे, तरच सुटका.

"आणि तू टाकलीस?" मी ओरडलेच. "आठ वर्षांची होतीस का आता? त्या पास्टरला सांगायचं होतंस, की माझी बहीण आहे, हात लावू नका."

"सांगणार होते, मा. अगदी तोंडाशी आलं होतं." ती ओढणीसारखा गळ्यात घेतलेला स्कार्फ नीट करत होती. "मग वाटलं, पास्टरना तर आमचं सगळंच वाईट दिसतं. पण तुम्ही देवाला कोमट पाण्याने आंघोळ घालणारी बाई. तुम्हीसुद्धा तिला घरात घेतलं नाहीत. म्हणजे तिच्यात खरंच काहीतरी वाईट असणार. म्हणून मी टाकली."

तिने हे मला बोल लावायला सांगितलं नाही, जे झालं ते सांगितलं. पास्टरला द्यायच्या चार कडक शिव्या मी जिभेवर तयार ठेवल्या होत्या. त्या आता कुणाला द्यायच्या, ते मला कळेना.