हेलनबाईंना ऐकू आलेली हाक

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. घडलं तेवढं लिहितो.

काळाचौकीला आमची चाळ पाडून टॉवर झाला, त्यात नवव्या मजल्यावर आमचं घर. छापखान्यातली प्रूफरीडरची नोकरी संपल्यावर मी स्कॉटलंडच्या एका प्रकाशिकेसाठी घरूनच कंत्राटावर काम करू लागलो — पुस्तकाच्या शेवटी विषयांची सूची असते ना, ती करायची. पत्नी सुमन आतल्या खोलीत झोपून असे. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने तिची वाचा गेली होती. काही हवं असलं की ती स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायची. मी हेडफोन उचलला की मात्र डोळे मिचकावून हाताने खूण करायची — जा, साहेबीण वाट बघतेय!

दर मंगळवारी दुपारी अडीचला त्या प्रकाशिकेचा, हेलनबाईंचा, कॉल असे. त्या मंगळवारी तो बराच लांबला. संपवून आत गेलो, तर चमचा फरशीवर पडलेला आणि सुमन... गेलेली.

तिने वाजवला असणार. हेडफोनमुळे मला ऐकू आला नाही.

तेरावं झाल्यावर हेलनबाईंना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "त्या दिवशी तुम्हाला हाक मारत होत्या, त्याच का?" सोबत त्या कॉलचं रेकॉर्डिंग होतं. प्रत्येक कॉल रेकॉर्ड करायची त्यांची पद्धतच होती.

धाकटी मेहुणी नलू घरी होती. तिच्यासमोरच लावलं. मध्येच, अगदी स्पष्ट —

"अहो प्रूफवाले, जरा इकडे या ना."

नलूने माझा हात धरला. "भाऊजी, ताई!"

"शेजारचा टीव्ही असेल गं."

"टीव्हीवरची बाई तुम्हाला ताईसारखं प्रूफवाले म्हणेल?"

रेकॉर्डिंग चालूच होतं. पुढे हेलनबाई विचारतात, "कुणी बोलावतंय का तुम्हाला?" आणि माझाच आवाज, घाईतला — "नाही, नाही. कुणी नाही. तुम्ही बोला."

डॉक्टरांना विचारलं. त्या अवस्थेत एक शब्दही शक्य नव्हता, म्हणाले. मलाही तेच पटतं.

नलू म्हणते, डिलीट करा ते. करवत नाही. दोन वर्षं ज्या आवाजासाठी झुरलो, तो आला... आणि मी सांगितलं, कुणी नाही.