फरकआप्पा

आमच्या शूटिंग क्लबात गोळीचा वेग विचारणाऱ्याला आप्पा उत्तरच देत नसत. "वेग सोड. गोळीगोळीत फरक किती, ते विचार," म्हणत. म्हणून ते फरकआप्पा. मूळचे धुळ्याकडचे, उभी हयात सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात सूत तपासण्यात गेली. एकच धागा ढिला राहिला तरी कापडात पट्टी उमटते, हे त्यांनी हजारदा पाहिलेलं. निवृत्तीनंतर तोच संशयी डोळा त्यांनी आमच्या काडतुसांना लावला.

क्लबाच्या परवान्यावर रिव्हॉल्वरची काडतुसं हातानं भरता येत. आम्ही भरायचो, आप्पा तपासायचे. वेगमापकावरून एकेक गोळी जायची आणि आप्पा प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचायचे, शाळेत हजेरी घ्यावी तसा. सरासरी या शब्दावर त्यांचा भारी राग. एखादा सुरती गडी लाडीगोडी लावून विचारायचा, "आप्पा, चालशे ने?" आप्पा मान वर न करता म्हणायचे, "नहीं चाले." की अख्खा लॉट बाद.

त्या वर्षी राज्याच्या संघाची निवड होती. माझी चाळिशी उलटलेली, शेठ पुन्हा रजा देईल अशी आशा नव्हती; म्हणजे ती शेवटचीच संधी. तीन रविवार खपून मी लॉट भरला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आभाळ भरून आलं, म्हणून आप्पांनी वेगमापक शेडखाली घेतला. पंधरातल्या चार गोळ्यांचे आकडे वेडेवाकडे आले. मी अक्षरशः हातापाया पडलो. "तू भरलीस म्हणून काय झालं? फरक आहे," एवढंच बोलून त्यांनी डब्यावर फुली मारली.

मी क्लबाच्या तयार काडतुसांवर खेळलो आणि दोन गुणांनी हुकलो. आप्पांशी बोलणं सोडलं. काडतुसं भरणंही सोडलं. आपल्या हातातच खोट आहे, असं मनानं घेतलं होतं.

महिन्याभरानं, भर दुपारी, आप्पा गोडादऱ्याला माझ्या घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्यानंच म्हणाले, "तुना माल बराबर व्हता, भाऊ. चूक मन्ही शे."

चूक शेडमधल्या ट्यूबलाइटची होती. वेगमापक गोळीची सावली पकडतो, आणि ट्यूबचं डोळ्यांना न दिसणारं लुकलुकणं त्याला फसवतं. आप्पांना चैन पडेना, म्हणून उरलेली काडतुसं त्यांनी उघड्यावर, उन्हात, पुन्हा तपासली होती. फरक नावापुरता निघाला.

मी चिडून म्हणालो, "आता सांगून काय उपयोग, आप्पा?"

"काहीच नाही. पण तू हाताला दोष देत बसला असशील."

मला रडू आलं, आणि रागही. दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लबाच्या फळ्यावर स्वतःची चूक लिहिली, खाली सही केली आणि आठवडाभर कुणाला ती पुसू दिली नाही. मी त्याच आठवड्यात पुन्हा भरायला बसलो.

आप्पा गेले त्याला दोन वर्षं झाली. अजून त्यांची फार आठवण येते. आता तपासणी माझ्याकडे आहे. परवा अध्यक्षांचाच लॉट मी बाद केला. ते लालबुंद झाले. "उद्या मॅच आहे. तुम्हीच चुकला असाल तर?"

"पुन्हा तपासेन," मी म्हणालो, "आणि चुकलो असेन, तर तुमच्या घरी येऊन सांगेन."