नापास केलेली गाडी

कुमुदताई टिपणीस म्हणजे काय तोंड होतं महाराजा! सरकारी कचेरीत होत्या तेव्हा त्यांच्या एका शेऱ्यावर अख्खा सेक्शन खिदळायचा. मग रिटायर झाल्या, दिल्लीतच मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहू लागल्या आणि त्या तोंडाला कामच उरलं नाही. लग्न झालेलं नव्हतं. भाऊ-वहिनी दोघंही गेलेली. दिवसभरातलं बोलणं म्हणजे भाजीवाल्याला "भैया, धनिया तो डालो" एवढंच. कधी कधी त्या मेट्रोच्या हेल्पलाइनला फोन लावून शेवटची गाडी किती वाजता ते विचारायच्या. जायचं कुठे होतं, डोंबल! माणसाचा आवाज कानावर पडायचा, तेवढाच.

अशात एकदा भाची अलका, म्हणजे भावाची मुलगी, फोनवर म्हणाली, "आत्या, प्लीज यार, संडेला माझ्याबरोबर मानेसरला चल. एका लेडीने ऐन वेळी कॅन्सल केलं."

अलकाची नोकरी गाड्यांच्या कंपन्यांसाठी लोकांची मतं गोळा करायची. बाजारात यायच्या आधी नव्या गाड्या एका हॉलमध्ये कापड घालून ठेवतात, कंपनीच्या नावावर काळी पट्टी चिकटवतात आणि बोलावलेल्या माणसांनी भोवती फिरून नुसतं बाहेरचं रूप जोखायचं. आत बसायचं नाही, इंजिनाचं बोलायचं नाही. या खेपेला चार दारांच्या, भारी किमतीच्या स्पोर्ट्‌स गाड्या होत्या.

"अगं, मला गाडीतलं काय कळतंय?"

"कळायला नकोच आहे. दिसते कशी, तेवढंच बोल. आणि ऐक, जे मस्त बोलतात ना, त्यांना दर महिन्याला बोलावतात."

दर महिन्याला! कुमुदताईंनी त्याच दिवशी चांगल्यातली साडी काढून इस्त्री केली.

हॉलमध्ये गुडगावकडची सात-आठ श्रीमंत माणसं होती, आणि प्रश्न विचारायला एक गोडबोली मुलगी. पहिल्या दोन गाड्यांपाशी कुमुदताई गप्पच राहिल्या. मग तिसरीवरचं कापड निघालं आणि त्या बघतच राहिल्या. राखाडी रंग, आणि पुढच्या काचेपासून मागच्या टोकापर्यंत छताची रेघ कशी एका दमात उतरलेली! मागचं दार त्यापायी जरा आखूड झालं होतं, पण ते आखूडपणही तिला शोभत होतं. हे बोलायला त्या तोंड उघडणार, तोच मुलीने त्यांनाच विचारलं, "आंटीजी, आप बताइए?" सगळे त्यांच्याकडे वळले. इतकी माणसं एकदम त्यांच्याकडे बघताहेत, असं होऊन किती वर्षं झाली होती!

"इसका कपड़ा वापस डाल दो," कुमुदताई म्हणाल्या.

हॉल नुसता फुटला. एका बाईने तर टाळी दिली. मग काय, तोंडाचा पट्टा सुटला. मागचं दार म्हणे सासूने बसूच नये म्हणून केलंय, आणि नाक म्हणे सर्दी झाल्यासारखं. हसून हसून लोक बेजार. तिसऱ्या गाडीला सगळ्यांनी भराभर कमी गुण दिले. जेवायच्या वेळी बायकांनी "आंटीजी, इधर बैठिए" करून त्यांना मध्ये बसवलं. कुमुदताईंना वाटलं, झालं आपलं काम! आता दर महिन्याला.

हात धुताना अलका भेटली. "आत्या, कमाल केलीस! भिंतीतली ती काळी काच बघितलीस ना? त्यामागे गाडी डिझाइन करणारे बसून सगळं ऐकतात. तीन नंबरवाला बिचारा तर बिल्कुल सुन्न झाला."

कुमुदताईंचा हात नळाखालीच राहिला. तरुणपणी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांना दाखवायचे कार्यक्रम व्हायचे. एकदा पोहे खाऊन पाहुणे जिना उतरले, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मुलाची आई म्हणाली, "फोटो बरा होता हो!" सगळे हसले होते. वर कुमुद खरकट्या बश्या घेऊन उभी होती. त्यानंतर तिने कार्यक्रमच बंद करायला लावले. त्या बाईने हे मनापासून म्हटलं की नुसतं हसवायला, हे तिला कधीच कळलं नाही, आणि आयुष्यभर ते सलत राहिलं.

जेवणानंतर पुन्हा सगळे हॉलमध्ये जमले. मुलगी चारही गाड्यांचं मिळून शेवटचे प्रश्न विचारत होती. कुमुदताई सरळ काळ्या काचेपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"बेटा, तीन नंबर मुझे सबसे अच्छी लगी थी. मैंने लोगों को हँसाने के लिए झूठ बोला. माफ़ करना."

कुणी हसलं नाही. मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आंटीजी, काँच से बात करना अलाउड नहीं है." मघाशी टाळी देणारी बाई फोनमध्ये बघू लागली. पुढे त्यांना कुणी काही विचारलं नाही.

परतताना कंपनीच्या बसमध्ये अलका शेजारी बसली. मग म्हणाली, "आत्या, तुझं नाव आता नाही येणार यार. मत बदललं की तो माणूस बाद करतात."

"ते कळलं गं मला. नसू दे. त्या पोराने ऐकलं ना, बास."

अलकाने मांडीवरच्या कागदांची चळत पुन्हा सरळ केली.

"ऐकलं ना गं?"

"आत्या, ते लोक सकाळचंच ऐकून गेले. जेवणानंतर काचेमागे कुणी नव्हतं."